डोळे उघडे ठेवणारी

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुर करतो, पण जिना चढवतो. तुझा खोकला गेला का? बारकीचे बाबा नीट जेवतात का, ते तू लिहिलं नाहीस. लिही.

फोन उचलत नाहीस याचा मला राग नाही. मागे एकदा उचललास तेव्हा आपण दोघी दहा मिनिटं एकमेकींचा नुसता श्वास ऐकत बसलो होतो. त्यापेक्षा कागद बरा.

तू लिहिलं आहेस, पोलिसांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, डॉक्टरांनी भलतंच सांगितलं, आता तू एकदा सगळं पहिल्यापासून लिही. बारकीला जाऊन चार महिने होतील. हे मी आपणहून लिहायला हवं होतं. पण मला लिहिणं म्हणजे अर्ज, नाहीतर अहवाल. एकतीस वर्षं परीक्षा विभागात काढली, तिथे तेवढंच लिहिलं. तसंच वाचून घे.

आमचं केंद्र तू पाहिलेलं नाहीस. पाटीवर 'युवा विकास आणि सामाजिक न्याय केंद्र' असं लांबलचक नाव आहे, पण ते फक्त सरकारी कागदांपुरतं. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता. भिंती हातभर जाड, खिडक्या नव्हत्याच. पहिल्या वर्षी मुलांनी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन वरच्या मजल्यावर तीन खिडक्या फोडल्या. छताला बर्फाच्या लाद्या ओढायचे लोखंडी रूळ अजून आहेत. भर उन्हाळ्यातही आत गार असतं, म्हणून मुलं त्याला 'फ्रीज' म्हणतात. "कुठे चाललीस?" म्हटलं की बारकी म्हणायची, "फ्रीजमध्ये. म्हणजे मी नासणार नाही."

खाली वाचनालय आणि शिवणवर्ग. वर बैठकीची मोठी खोली. गुरुवारी वकीलबाई येऊन टेबल मांडतात. ज्याला कामावरून काढलं, ज्याचा पगार अडकवला, जिला घरमालक त्रास देतो, असे सगळे त्या टेबलाशी रांग लावतात. रांगेत विशीच्या आतबाहेरचीच मुलं जास्त. निवृत्त झाल्यापासून किल्ल्या माझ्याकडे असतात. चारला उघडायचं, नऊला बंद करायचं, नोंदवही ठेवायची. बारकी तुझ्याकडून माझ्याकडे शिकायला आली ती दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मागोमाग तिथे आली, आणि महिन्याभरात लोक मला तिची मावशी म्हणून ओळखायला लागले. तुम्ही घरात ठेवलेलं बारकी हे नाव तिने तिथेही तसंच चालवलं. नाव बारकी आणि उंची अशी, की जिन्याच्या वरच्या चौकटीला कपाळ आपटायचं. टेम्पो चालवणारा एक मुलगा आहे, त्याला सगळे टेम्पोच म्हणतात. त्याने त्या चौकटीवर खडूने लिहिलं होतं, 'बारकीने वाकावे, बाकीच्यांनी चालू लागावे'.

आता धुलाईच्या कारखान्याचं. नदीच्या बाजूला तो मोठा कारखाना आहे, तिथे चार-पाच इस्पितळांच्या चादरी, गाऊन धुवायला येतात. धुतलेल्या चादरी तापलेल्या दोन रोलरांमधून इस्त्री होऊन निघतात. एका बाजूने मुली चादर आत सोडतात, दुसऱ्या बाजूला घडी होते. रोलरच्या पुढे एक दांडी असते. हात जास्त आत गेला तर दांडी ढकलली जाते आणि यंत्र थांबतं. तिथे ती दांडी तारेने आवळून बांधून ठेवलेली होती, कारण ती सारखी लागायची, यंत्र थांबायचं आणि काम मागे पडायचं. मुलींच्या मनगटांवर चट्टे होते. त्यातल्या चौघी गुरुवारी टेबलाशी आल्या. वकीलबाईंनी जबाब लिहून घेतले आणि कबूल केलं, की नावं बाहेर जाणार नाहीत.

बारकीने ती तक्रार कामगार कार्यालयात नेऊन दिली. खिडकीतला माणूस म्हणाला, "बिननावाची तक्रार आम्ही टोपलीत टाकतो. नावं असतील तर साहेबांपुढे जाईल." ती तिथेच, त्या खिडकीशी उभी राहून चौघींची नावं लिहून आली. कुणाला विचारलं नाही. वकीलबाईंना नाही, मला नाही. आठव्या दिवशी त्या चौघींना कारखान्याच्या फाटकातच उभं करून परत पाठवलं. फाटकावरच्या माणसाच्या हातात चौघींची यादी होती, तक्रारीत होती त्याच क्रमाने.

यावर आमच्याकडे बैठक झाली. आमची पद्धत अशी. सगळे गोलात बसतात, डोळे मिटतात, एक हात गुडघ्यावर ठेवतात. उघडा तळवा म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही. ज्याच्याबद्दल बैठक आहे तोही गोलात बसतो, त्याचाही हात मोजणीत धरतात. एकच माणूस डोळे उघडे ठेवतो, गोलाभोवती फिरून मोजतो आणि निर्णय सांगतो. आकडा सांगायचा नाही, कुणाचा हात कसा होता हे कधीच सांगायचं नाही. म्हणजे कुणी कुणाबद्दल मनात धरत नाही. सहा वर्षं मोजायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

प्रश्न होता, बारकीने केंद्रात राहावं का. निर्णय झाला, की वर्षभर तिने केंद्रात यायचं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. चौघींच्या रिकाम्या जागांपैकी एका जागी तीच जाऊन लागली. स्वतःच्या नावाने तक्रार करायची, म्हणजे दुसऱ्या कुणाचं नाव लिहायला नको, असा तिचा हिशेब होता. सातव्या आठवड्यात चादरीबरोबर तिचा हात आत गेला. तारेने बांधलेली दांडी हलली नाही. पुढचं मी लिहीत नाही. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तू पोचलीस, तोवर ती कुणाला ओळखण्यापलीकडे गेली होती. अंगाखालची चादर त्याच कारखान्यात धुतलेली होती. कोपऱ्यावर शिक्का होता. हे मी तेव्हा तुला दाखवलं नाही.

आता मुख्य निरोप. वरच्या खोलीला बारकीचं नाव द्यायचं सगळ्यांनी ठरवलं आहे. वीस तारखेला दुपारी चारला. पाटीवरचा कापडी पडदा तू बाजूला करावास, अशी सगळ्यांची इच्छा आहे. पत्रिका वेगळी पाठवतील. बारकीच्या बाबांना प्रवास झेपत नसेल तर तू एकटी ये. माझ्याकडेच उतर.

खोकल्यासाठी गरम पाणी पीत जा.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुझं रागाचं पत्र काल आलं. दोनदा वाचलं. तुझा राग रास्त आहे.

तू लिहितेस, 'ज्या खोलीतून तिला हाकललं तिलाच तिचं नाव देणार. वा, शाबास. तू गोलात बसलेल्या सगळ्यांची यादी करून पाठव आणि ज्यांची मूठ होती त्यांच्यापुढे फुली मार. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मी पिणार नाही, आणि पडदा तर त्यांच्या देखत मुळीच बाजूला करणार नाही. तुला माहीत आहे. तुझेच डोळे उघडे होते.'

माहीत आहे. पण मी यादी पाठवणार नाही. मुलं डोळे मिटून हात पुढे ठेवतात ती माझ्यावर विश्वास ठेवून. त्यातली बरीच घरी तोंड उघडू शकत नाहीत, कामावर तर नाहीच. त्यांना खरं मत देता येतं अशी ती एकच जागा आहे. तिथलं मी बाहेर सांगितलं, तर बारकीने जे केलं तेच मीही केलं असं होईल.

तुझा संशय टेम्पोवर दिसतो. तो बैठकीत तिला फार लागेल असं बोलला, हे तुला कुणी सांगितलं कोण जाणे. तो बोलला हे खरं. म्हणाला, "चार घरांची चूल विझली, आणि आपण इथे बसून बारकीचं मन जपायचं का?" पण इस्पितळात रक्त द्यायला पहिला तोच उभा होता आणि तिन्ही दिवस गाडी तिथेच लावून गाडीतच झोपला. माणसाच्या बोलण्यावरून त्याची मूठ ओळखता येत नाही, एवढंच लिहिते.

एक मात्र तुला सांगते. ते सांगायचा मला हक्क आहे असं वाटतं, कारण जिचं आहे ती आता नाही आणि तू तिची आई आहेस.

बारकीची स्वतःचीही मूठ होती.

मी गोल मोजत आले आणि शेवटी तिच्यापाशी पोचले. ती डोळे घट्ट मिटून बसली होती, लहानपणी तिला औषध पाजताना मिटायची तसे. हात गुडघ्यावर होता आणि त्याची मूठ होती, अंगठा बोटांच्या आत दाबलेला. बैठकीत तिने स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नव्हता. वकीलबाईंनी, "तुला काही सांगायचं आहे का?" विचारलं तेव्हा म्हणाली, "चौघींनी सांगितलं ना. झालं." त्या चौघींपैकी चष्मेवाली तिच्या शेजारीच बसली होती. तिच्या घरी आजारी आई, दोन धाकटे भाऊ. बैठकीच्या आदल्या दिवशी बारकी तिच्या घरी जाऊन आली होती. तिथे काय झालं ते तिने मला सांगितलं नाही. आल्यावर जेवली नाही, एवढं पाहिलं.

म्हणजे तिला कुणी हाकललं, असं नुसतं म्हणता येणार नाही. तिला स्वतःलाच ते न्यायाचं वाटलं होतं.

यामुळे तुझं मन थोडं हलकं झालं तर बरं. वीस तारखेचं कळव. मी वकीलबाईंना अजून काही बोलले नाही.

तुझी ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र आज सकाळी आलं. मी दिवसभर ते टेबलावर ठेवून घरात फिरत होते. आता लिहायला बसले आहे आणि हे पत्र आजच्या टपालात जाईल. ठेवलं तर जाणार नाही, हे मला माहीत आहे.

तू लिहिलं आहेस, 'तिनेच मूठ केली हे वाचून मी खूप रडले, चार महिन्यांत पहिल्यांदा. आता माझा कुणावर राग नाही. मी येते. तुझ्याकडेच उतरेन, तिच्या खोलीत झोपेन. बाकीच्यांचं जाऊ दे. तू तरी तिच्या बाजूची होतीस, एवढं मला पुरे आहे. आई-बाबा गेल्यावर मला माहेर म्हणून तूच उरलीस.'

धाकटे, मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते खरं होतं. पण त्याने तुझी समजूत अशी होणार, हे मला लिहितानाच माहीत होतं. मी ते त्यासाठीच लिहिलं. आता बाकीचं लिहिते.

मोजण्याचा एक नियम मी तुला सांगितला नव्हता. हात सारखे झाले, तर मोजणाऱ्याने आपलाही हात धरायचा, म्हणजे मोजणीत घालायचा. सहा वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

त्या दिवशी गोलात वीस जण होते. बारकीपाशी पोचेपर्यंत दहा तळवे उघडे होते आणि नऊ मुठी. मला हायसं वाटलं. तिचा तळवा उघडाच असणार असं मी गृहीत धरलं होतं. तिची मूठ पाहिली आणि दहा-दहा झाले.

मग मी माझा हात धरला. मूठ.

हे असं एका ओळीत लिहायला मला ती गेल्यावरही चार महिने लागले.

का, ते सांगते. तू विचारशीलच. मी स्वतःला बरीच कारणं दिली. पहिलं असं, की चौघींचं नुकसान झालं आहे आणि काहीतरी झालं पाहिजे. दुसरं, की वर्षभर बाहेर राहिली तर अभ्यास करेल, परीक्षा देईल. तुला बरं वाटेल. तिसरं लाजेचं आहे. तिने मला न विचारता नावं लिहिली याचा मला राग होता. चार वर्षं एका घरात राहून, एका चुलीवर जेवून, तिने मला विचारलं नाही. ही सगळी कारणं थोडी-थोडी खरी आहेत. पण ती मी नंतर जमवली. त्या क्षणी त्यातलं एकही मनात नव्हतं.

मनात होतं ते टेम्पोचं एक वाक्य. बैठकीच्या आधी जिन्यात मुलं उभी होती. मी वर जात होते. तो हसून म्हणाला, "मोजायला मावशी आणि मोजायची भाची. आज आकडा आधीच ठरलाय." दोघं-तिघं हसली. कुणीतरी, "गप रे, मावशी तशा नाहीत," म्हणालं. ते दुसरं वाक्य मला जास्त लागलं. मावशी तशा नाहीत. मी तशी नाही हे मला दाखवायचं होतं. कुणाला? सगळ्यांचे डोळे तर मिटलेले होते. कुणी पाहत नव्हतं. मी तळवा उघडा ठेवला असता तर जगात कुणाला कळलं नसतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. दहा जणांना ती तिथे राहावी असं मनापासून वाटत होतं.

आणि टेम्पोचा स्वतःचा तळवा उघडा होता. मी मोजायला त्याच्यापासूनच सुरुवात केली होती. म्हणजे ते मी पाहिलेलं होतं. हे सांगून मी नियम मोडते आहे. पण तू त्याला दोष देत होतीस आणि मी मागच्या पत्रात तो तसाच राहू दिला.

परीक्षा विभागात दर वर्षी एका छापील कागदावर सही करावी लागायची, 'माझ्या जवळच्या नात्यातले कोणीही या परीक्षेस बसलेले नाही.' बसलेलं असेल तर त्या वर्षी उत्तरपत्रिकांना हात लावायचा नाही, दुसऱ्या टेबलावर जायचं. एकतीस वर्षं मी ती सही केली. तू दहावीला होतीस त्या एका वर्षी सही न करता टेबल बदललं, तुला आठवत असेल. त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं, आज दुसऱ्या कुणीतरी मोजा. वकीलबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी मोजते." मला वाटलं, माझ्याइतकं नीट कुणी मोजणार नाही. नात्यातलं असलं तरी माझा हात इकडचा तिकडे व्हायचा नाही, असा मला गर्व होता. आणि गर्वाने हात इकडचा तिकडे होतो, हे मला कळलं नाही. ज्याला त्याला वाटतं, की पक्षपात म्हणजे आपल्या माणसाकडे झुकणं. मी दुसरीकडे झुकले, आणि तोही पक्षपातच होता.

आता आणखी एक. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

बैठकीनंतर आम्ही दोघी चालत घरी आलो. घरी येऊन तिने हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मावशी, आकडा विचारत नाही. फक्त एवढंच सांग, तुला हात धरावा लागला का?"

मी म्हणाले, "नाही."

ती म्हणाली, "बरं झालं गं. मला सारखं तेच वाटत होतं, की सारखे झाले तर तुझी पंचाईत होईल." मग हसली. म्हणाली, "तशी माझी झाकली मूठच होती. तुला तर दिसलीच असेल." तिने माझा हात घेऊन थोडा वेळ धरून ठेवला. तिला वाटलं मला वाईट वाटतं आहे म्हणून. वाटतही होतं. पण ज्याचं तिला वाटत होतं त्याचं नाही.

ती गेली ती माझं ते 'नाही' खरं मानून.

नंतरचे सात आठवडे. ती सांगायची, शिवणाच्या दुकानात काम मिळालं आहे. तिच्या कपड्यांना सोड्याचा वास यायचा. शिवणाच्या दुकानात सोडा कशाला लागतो? एके दिवशी मनगटावर लाल पट्टा दिसला. म्हणाली, "इस्त्रीचा चटका." खोटं नव्हतंच ते. मी संध्याकाळी औषधाच्या दुकानातून मलम आणलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिने खरं सांगितलं असतं, ती माझ्याशी खोटं फार वेळ बोलू शकत नसे. आणि मग तिने मलाही काहीतरी खरं विचारलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी मलम आणलं. तुला सगळे सांगतात, मावशीने किती जपलं तिला. ते मलम अर्धं संपलेलं आहे. तिच्या ट्रंकेत आहे.

त्या आठवड्यांत आम्ही रोज एकत्र जेवलो. ती बोलायची, मी ऐकायची. केंद्राबद्दल ती अवाक्षर काढत नसे. एकदाच म्हणाली, "वरच्या खिडकीची काच बसवली का?" मी म्हटलं, बसवली. बसवली नव्हती. तेही खोटंच, पण ते मी तिला बरं वाटावं म्हणून बोलले.

तू म्हणशील, मूठ नसती तरी ती तिथे गेलीच असती. वकीलबाई असंच म्हणतील, मी त्यांना सांगितलं तर. म्हणतील, मावशी, यंत्राची दांडी तुम्ही बांधली नव्हती. ते खरं आहे. दांडी बांधणाऱ्यावर खटला चालू आहे आणि तो नीट चालावा म्हणून मी प्रत्येक तारखेला जाते. पण धाकटे, ती केंद्रात असती तर तक्रार सगळ्यांची म्हणून झाली असती. वकीलबाईंचं टेबल होतं, टेम्पो होता, वीस माणसं होती. तिला बाहेर काढल्यावर तिच्यापाशी स्वतःच्या नावाखेरीज काही उरलं नाही, म्हणून तिने तेच लिहिलं. आणि त्या एका नावाच्या तक्रारीची चौकशी लागली, ती नाव लिहिणारी गेल्यावर.

हे पत्र टाकून मी केंद्रात जाणार आहे. आज बैठक आहे, वीस तारखेच्या तयारीची. तिथे मी सांगणार आहे, की हात सारखे झाले होते आणि शेवटची मूठ माझी होती. बाकी कुणाचं काही सांगणार नाही. किल्ल्या आणि मोजणं दुसऱ्या कुणाला द्यावं, असंही सांगेन. पाटी लावायची की नाही, ते मग त्यांनी ठरवावं. आजपर्यंत त्या नऊ जणांना वाटत आलं आहे, की आपल्यामुळे ती गेली. चष्मेवाली चार महिने कुणाशी धड बोलत नाही. तिचा हात कसा होता ते मला माहीत आहे, आणि ते मी तिच्याशीही बोलू शकत नाही. निदान शेवटची मूठ तिची नव्हती, एवढं तिला कळू दे.

तुला आधी कळावं म्हणून हे पत्र आधी टाकते आहे. तुझ्या हाती पडेल अठराला. म्हणजे तुझ्याकडे पूर्ण एक दिवस आहे.

तू यावंस, असं मी लिहीत नाही आणि येऊ नकोस, असंही नाही. आलीस तर वकीलबाईंच्या घरी एक खोली रिकामी आहे. कुणीतरी येणार आहे एवढंच मी त्यांना सांगितलं आहे. त्या स्टेशनवर येतील. त्यांना तू ओळखशील, त्या उंच आहेत आणि पावलं फार मोठी टाकतात. माझ्याकडे यायचं असेल तर मी घरीच आहे. कुठे जाणार नाही. बारकीच्या खोलीतली चादर मी बदलली नाही, खिडकी मात्र रोज उघडते.

मला माहेर म्हणाली होतीस, ते परत घेतलंस तरी मी काही म्हणणार नाही. आई गेली तेव्हा तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली होतीस, ताई, तू कधी चुकत नाहीस म्हणून मला भीती वाटत नाही. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं.

मोठ्या बहिणीने धाकटीची माफी कशी मागायची, हे आपल्या घरात कुणी शिकवलं नाही. कधी वेळच आली नाही. म्हणून ही जशी येते तशी मागते आहे. शब्द कमी पडले असतील, तर ते न लिहिलेलेही माझेच समज.

तुझी, आणि तिची खोटं बोललेली मावशी,
ताई